इंजिनाजवळचा पेट्रोलचा वास : लक्षण, निदान आणि दुरुस्ती

(सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी परिचारिका आहे, मोटारीची कारागीर नव्हे. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली आणि इस्राएलमध्ये आल्यावर निवृत्तीपर्यंत रुग्णालयातच सेवा केली. तरीही आज गाडीविषयी बोलावयास उभी आहे, कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली. तीच चूक एखाद्या शिकाऊ परिचारिकेने केली असती, तर मी तिला खडसावले असते.

आम्ही दिमोनात राहतो. वाळवंटातील हिवाळ्याची पहाट बोचऱ्या थंडीची असते. सकाळी गाडी सुरू केली की पेट्रोलचा वास येई आणि दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा होई. पंपावर थोडे सांडले असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे वास येईनासा झाला, तेव्हा मला बरेच वाटले. एके दिवशी मागच्या आसनावरून माझी नात म्हणाली, "आजी, पेट्रोलचा वास येतोय गं. माझं डोकं दुखतंय." तेव्हा उमगले की वास गेला नव्हता, माझे नाक त्याला सरावले होते. वॉर्डातील जंतुनाशकाचा वास तासाभराने आपल्याला जाणवत नाही, पण भेटीला आलेल्या माणसाला दारातच जाणवतो. हे आयुष्यभर अनुभवूनही मी विसरले.

हे दुखणे किरकोळ नाही. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने खालच्या भागात साचून राहते. बॉनेटखाली विजेची ठिणगी असते आणि तापलेला एक्झॉस्टही असतो. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजेक्शनच्या नळीतील दाब साधारण ३ ते ४ बार, म्हणजे टायरमधील हवेपेक्षाही अधिक असतो. त्यामुळे नळीला बारीकशी चीर पडली तरी पेट्रोल ठिबकण्याऐवजी तुषारांसारखे उडू शकते. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत तर हा दाब शेकडो बारपर्यंत जातो. तेथे घरच्या माणसाने हात घालूच नये.

मी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथवर पोहोचेपर्यंत इंजिन तापले होते. कारागिराला ओल दिसली नाही. त्याने एक क्लॅम्प आवळला आणि मला परत पाठविले. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या सकाळी वास पुन्हा हजर. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकविले जाते.

दुसऱ्या कारागिराने बॉनेट उघडण्यापूर्वी मला प्रश्न विचारले. वास थंड इंजिनाला येतो की गरम? पेट्रोल भरल्यावर वाढतो का? उभ्या गाडीखाली डाग दिसतो का? टाकी भरल्यावरच वास येत असता आणि कोठे ओल नसती, तर त्याने आधी टाकीचे झाकण व वाफेच्या नळ्या पाहिल्या असत्या. माझी उत्तरे ऐकून तो म्हणाला, "गाडी रात्रभर येथेच ठेवा." सकाळी त्याने इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरविली. पंप दोन-तीन सेकंद चालून नळीत दाब भरतो. मग एल.ई.डी. बॅटरीच्या उजेडात त्याने प्रत्येक जोड पाहिला. इंजेक्टरांना पेट्रोल पुरविणाऱ्या रेलपाशी रबरी होज जेथे धातूच्या नळीला जोडला होता, तेथे थेंब जमत होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन क्लॅम्पखाली चिरले होते. थंडीत ते आकसे आणि जोड उघडा पडे. गरम झाले की फुगून फट बुजे. म्हणूनच तापलेल्या इंजिनावर पहिल्या कारागिराला काही दिसले नाही.

दुरुस्तीचा क्रम असा होता. प्रथम पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून नळीतील दाब उतरविला. गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकून राहतो. मात्र गळती वाहती असेल, तर इंजिन चालविण्याचा हा मार्ग वर्ज्य. मग बॅटरीची ऋण तार सोडविली आणि इंजिन थंड होऊ दिले. होज चिकटपट्टीने न गुंडाळता बदलला. इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या होजवर एस.ए.ई. ३० आर ९ असा छाप असतो. ३० आर ७ हा कमी दाबाचा. पाण्याची नळी पेट्रोलने फुगते व मऊ पडते. क्लॅम्पही गुळगुळीत पट्टीचे घेतले, कारण खाचांची पट्टी रबर कापते. शेवटी किल्ली तीन वेळा फिरवून जोडाभोवती कोरडा कागद धरून पाहिला, आणि दुसऱ्या थंड सकाळी पुन्हा तपासले. ती शेवटची तपासणीच खरी.

तुम्हाला वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, सर्वांना उतरवा आणि सिगारेट दूर ठेवा. थेंब पडताना दिसला, तर गाडी पुन्हा सुरू न करता ओढून न्या. धूर दिसल्यास बॉनेट उघडू नका. दूर जाऊन १०२ ला फोन करा. अंगावर पेट्रोल सांडले तर कपडे बदला व साबणाने धुवा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. ते पोटात गेले तर उलटी करवू नका, कारण फुप्फुसात उतरलेले पेट्रोल अधिक घातक असते. १०१ ला कळवा.

गॅरेजमध्ये जाताना, डॉक्टरांना सांगता तसे, वास केव्हा येतो आणि केव्हा जातो हे लिहून न्या. आणि गाडीत बसलेले मूल वास येतो म्हणाले, तर आपल्या नाकापेक्षा त्याच्या नाकावर विश्वास ठेवा.