सातबाऱ्याची रिकामी जागा

विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. सातबारा दाखवणाऱ्या महाभूलेख संकेतस्थळाच्या या पायऱ्या धाराशिवच्या आठही तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना सवयीच्या झाल्यात. अशा कुठल्याही डिजिटल नोंदवहीत बटण दाबलं की डेटाबेसकडे एक वाक्य जातं : अमुक गावच्या अमुक गटाची नोंद दे.

हे वाक्य करायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत गट नंबर वाक्यातच चिकटवतात. मग प्रत्येक गटाचं वाक्य डेटाबेसला नवंकोरं वाटतं. त्याचं व्याकरण तपासा, तक्ते आहेत का बघा, कुठल्या वाटेनं शोधायचं ते ठरवा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. ओरॅकल डेटाबेसवाले याला हार्ड पार्स म्हणतात. गर्दीच्या दिवशी सर्व्हर यातच दमतो.

दुसरी तऱ्हा तलाठ्याच्या छापील नमुन्यासारखी. वाक्य आधीच तयार, गट नंबराची जागा रिकामी : हे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. त्या जागी वेगळं पाठवलेलं मूल्य बसतं, ते बाइंड व्हेरिएबल. शोधाचा आराखडा एकदा होतो, पुढे तोच वापरता येतो.

पण वेगापेक्षा मला यातली सुरक्षा मोठी वाटते. छापील रकान्यात कुणी ‘सगळी नावं खोडा’ असं लिहिलं, तर तलाठी नावं खोडत नाही. गट नंबर चुकलाय एवढंच सांगतो. चिकटवलेल्या वाक्यात मात्र तोच मजकूर हुकूम होऊन बसतो. जेफ फॉरिस्टल यांनी ‘फ्रॅक’ मासिकात 1998 मध्येच हा धोका दाखवला. आज त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वाईट हेतूच हवा असंही नाही. वसईच्या डिसोझांनी इंग्रजी आडनावातलं वरचं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह टाकलं, तरी असं वाक्य मोडतं.

हायबरनेटसारखी मॅपिंग लायब्ररी हे बाइंडिंग स्वतःच करते, म्हणून प्रोग्रामर निर्धास्त होतात, पण तेवढ्यानं धोका संपत नाही. मायबॅटिस या दुसऱ्या लायब्ररीत तर फरक एका चिन्हाचा : महिरपी कंसाआधी हॅश असेल तर मूल्य बाइंड होतं, डॉलर असेल तर सरळ चिकटतं.

तक्त्याचं किंवा रकान्याचं नाव बाइंड होत नाही, तिथे डॉलर लागतो. ते नाव आधी ठरवलेल्या यादीतूनच घ्यावं, वापरणाऱ्यानं टाइप केलेलं कधीच नाही. आपल्या पतसंस्थेची किंवा शाळेची प्रणाली मायबॅटिसवर असेल, तर ती सांभाळणाऱ्याला आजच एवढं विचारा : यात डॉलर किती ठिकाणी आहेत?