लॅपटॉपचे चार्जिंग अडते कुठे?

लॅपटॉप कधी चार्ज होतो, कधी होत नाही, की बॅटरीच गेली असे आपण धरून चालतो. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला नवी बॅटरी घ्यायला निघण्यापूर्वी दोष कुठे आहे ते क्रमाने पाहावे. चार्ज शिल्लक आहे तोवर लेखनाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

प्रथम दुसरा सॉकेट वापरून पाहावा. मग पिनेजवळची वायर हलवावी. चार्जिंगची खूण ये-जा करू लागली, तर वायर आतून तुटलेली असते किंवा लॅपटॉपचा जॅक सैल झालेला असतो. तितक्याच व्होल्ट-वॅटचा दुसरा अडॅप्टर लावला की नेमके कोणते ते कळते. काही गोल पिनांत मधली बारीक सुई अडॅप्टरची ओळख पटवते. ती वाकली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही.

हैदराबादच्या मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. लिथियम-आयन बॅटरी फार तापली की लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो. तो गादीवरून टेबलावर ठेवावा. दर वेळी ८० टक्क्यांवरच थांबत असेल, तर ती बहुधा बॅटरी जपणारी सेटिंग असते.

मात्र टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा, दाबू नये आणि तंत्रज्ञाकडे न्यावा.