विश्लेषण : ८०० किलोमीटरच्या प्रवासाला तब्बल एक महिना! पॅरिस ते मार्सेय या दाम्पत्याने प्रत्येक थांब्यावर मुक्काम का केला?

पॅरिसहून निघायचे आणि भूमध्य समुद्राच्या काठावरील मार्सेयला पोहोचायचे. अंतर साधारण ८०० किलोमीटर, रस्ता उत्तम, कारने एका दिवसाचे काम. मात्र १९८२ मध्ये एका दाम्पत्याने याच प्रवासाला एक महिना घेतला. गाडी बंद पडली नव्हती, रस्ताही अडला नव्हता. महामार्गावरील एकही थांबा चुकवायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. हा प्रवास काय होता आणि समृद्धी महामार्गाच्या काळात तो आठवण्याचे कारण काय?

हे दाम्पत्य कोण होते?

हुलिओ कोर्तासार हे अर्जेंटिनाचे जगप्रसिद्ध कथाकार आणि कादंबरीकार. त्यांचा जन्म १९१४ मध्ये ब्रुसेल्सचा, बालपण अर्जेंटिनातले आणि १९५१ नंतरचे वास्तव्य पॅरिसमधले. मिकेलांजेलो अँतोनिओनी यांचा ‘ब्लो-अप’ हा गाजलेला चित्रपट त्यांच्याच कथेवरून सुचला होता. त्यांची पत्नी कॅरल डनलॉप या अमेरिकेत जन्मलेल्या लेखिका, अनुवादक आणि छायाचित्रकार. प्रवासाच्या वेळी कोर्तासार ६७ वर्षांचे, तर डनलॉप ३६ वर्षांच्या होत्या.

महामार्ग हा कोर्तासार यांच्यासाठी नवा विषय नव्हता. पॅरिसकडे येणाऱ्या महामार्गावर अनेक दिवस चालणाऱ्या वाहतूक कोंडीची विलक्षण कथा त्यांनी १९६६ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्या कथेत माणसे नाइलाजाने थांबतात. या प्रवासात दोघे स्वखुशीने थांबणार होते.

प्रवासाचे नियम काय होते?

नियम मोजकेच, पण कडक होते. पहिला, मार्सेय येईपर्यंत महामार्ग सोडून बाहेर पडायचे नाही. दुसरा, रोज दोन थांबे घ्यायचे आणि दुसऱ्या थांब्यावरच रात्र काढायची, मग तो कसाही असो. तिसरा, प्रत्येक थांब्याची ‘शास्त्रीय’ पाहणी करून नोंदी ठेवायच्या. चौथा, जुन्या काळातील दर्यावर्दी आणि संशोधक लिहीत तसे या मोहिमेचे पुस्तक लिहायचे.

वाहन होते लाल रंगाची फोक्सवॅगन व्हॅन. तिचे नाव ‘फाफ्नर’, म्हणजे जर्मन दंतकथेतील ड्रॅगन. झोपणे, स्वयंपाक आणि लेखन या सगळ्याची सोय तिच्यातच होती. ताजे अन्नधान्य मित्रमंडळींनी वाटेत आणून द्यायचे, असे ठरले होते. २३ मे रोजी निघालेली फाफ्नर २३ जूनला मार्सेयला पोहोचली. तोपर्यंत ६० हून अधिक थांबे झाले होते.

त्यात एक अडचण होती. नियमानुसार वाहनाला महामार्गावर दोन दिवसांहून अधिक काळ राहता येत नव्हते. म्हणून कोर्तासार यांनी महामार्ग कंपनीला पत्र लिहून रीतसर परवानगी मागितली. उत्तर आले नाही. अखेर दोघे परवानगीशिवायच निघाले.

थांब्यांवर असे काय सापडले?

फ्रान्समधील महामार्गांवर दोन प्रकारचे थांबे असतात. पहिल्या प्रकारात पेट्रोल पंप, दुकान आणि उपाहारगृह असते. दुसऱ्या प्रकारात फक्त झाडे, बाकडी, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. बहुतेक प्रवासी तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळत नाहीत. हे दोघे अर्धा अर्धा दिवस आणि अख्खी रात्र तिथे राहिले.

त्यामुळे नेहमीच्या प्रवाशाच्या नजरेतून सुटणारे बरेच काही त्यांना दिसले. युरोपभरातून आलेले ट्रक आणि त्यांचे चालक, झाडाखाली डबा उघडून बसलेली कुटुंबे, मुंग्यांच्या रांगा, पक्षी, रात्री दूरवरून येणारी वाहनांची घरघर. दैनंदिनीत तापमान, जेवणातील पदार्थ, पोहोचण्याची वेळ आणि फाफ्नरचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही गंभीरपणे नोंदवलेले आहे. शास्त्रीय मोहिमांची ती प्रेमळ थट्टाच होती. घडीच्या खुर्च्या मांडून टाइपरायटरवर दोघेही लिहीत. डनलॉप छायाचित्रे काढत. पुस्तकातील नकाशेवजा चित्रे नंतर त्यांच्या मुलाने काढली.

मग यात धोका कसला होता?

धोका रस्त्याचा नव्हता, वेळेचा होता. १९८१ च्या उन्हाळ्यात कोर्तासार गंभीर आजारी पडले होते. त्यातून सावरल्यावर, त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी विवाह केला. डनलॉप यांचीही प्रकृती चांगली नव्हती. प्रवासानंतर दोघे निकाराग्वाला गेले. तिथे डनलॉप यांची प्रकृती ढासळली आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मार्सेयला पोहोचून जेमतेम सव्वाचार महिने झाले होते.

राहिलेले पुस्तक कोर्तासार यांनी एकट्याने पूर्ण केले. १९८३ मध्ये ते दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याचे मानधन निकाराग्वाच्या जनतेसाठी देण्यात आले. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी कोर्तासार यांचेही निधन झाले. पॅरिसच्या मोंपारनास दफनभूमीत दोघे शेजारी विसावले आहेत. विनोदाने भरलेल्या या प्रवासवर्णनाकडे वाचक म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहतात. वेळ कमी असलेल्या दोन माणसांनी तो सावकाश खर्च केला होता.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, म्हणजे जवळपास पॅरिस-मार्सेयएवढीच. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. नागपूर ते मुंबई आठ तासांत, हे या मार्गाचे मुख्य आकर्षण. मात्र मार्ग सुरू झाल्यापासून थांब्यांवरील अपुऱ्या सोयींबद्दल प्रवाशांच्या तक्रारीही आल्या.

हा प्रश्न केवळ चहापाण्याचा नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर सलग गाडी चालवली की डोळे उघडे असूनही चालकाचे लक्ष हरपते. यालाच ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दर दोन तासांनी किमान १५ मिनिटे थांबण्याचा सल्ला आहे. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार व्यावसायिक चालकाला सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक होते. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्रे उभारण्याचे केंद्राचे धोरण आहे.

खासगी कारमधील कुटुंबाला असा कायदा लागू नाही. तिथे थांबायचे की नाही, हे गाडीतल्या माणसांनीच ठरवायचे असते. समृद्धीवर प्रत्येक थांब्यावर मुक्काम करायला कोणी सांगणार नाही. पण निघण्यापूर्वी नकाशावर दोन-तीन थांबे हेरून ठेवले आणि तिथे खरोखरच उतरून पाय मोकळे केले, तर पोहोचायला फार तर तासभर उशीर होईल.