ठिणगी केव्हा पडावी?

ट्रायम्फ टीआर-६ ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार १९६८ ते १९७६ या काळात तयार होत असे. २४९८ घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे तिचे इंजिन ब्रिटनसाठी आणि अमेरिकेसाठी मुळात एकच होते. ब्रिटनमधील गाडीत ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधी पडे. अमेरिकी गाडीत मात्र इंजिन जागच्या जागी मंद चालत असताना ती दट्ट्या माथा ओलांडून ४ अंश पुढे गेल्यावर पडावी, अशी सूचना असे. एकाच इंजिनाला दोन वेळा कशा?

आधी थोडे गणित करू. पेट्रोल व हवेचे मिश्रण एकदम जळत नाही. ज्वाळा पसरायला काही सहस्रांश सेकंद लागतात. समजा, २ सहस्रांश सेकंद लागले. मिनिटाला ८०० फेऱ्या घेणारा क्रँकशाफ्ट तेवढ्यात सुमारे १० अंश फिरतो; ३००० फेऱ्यांना तो ३६ अंश फिरतो. जास्तीत जास्त दाब दट्ट्या माथ्यावरून नुकताच खाली निघाला असताना मिळाला, तर तो पूर्ण उपयोगी पडतो. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. (वेगाबरोबर सिलिंडरमधील घुसळण वाढून ज्वाळाही लवकर पसरते, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक या गणिताइतका मोठा नसतो.) हे काम डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी अलीकडे सरकवतात.

मग अमेरिकेत मुद्दाम उशीर कशासाठी? उत्तर लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. तेथील डोळे झोंबवणारे धुरके मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले. पुढे १९६८च्या मॉडेलपासून अमेरिकेत देशभर हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा आल्या.

ठिणगी उशिरा पडली की ज्वलनही उशिरा संपते. बाहेर पडणारा वायू अधिक तापलेला असतो आणि उरलेली हायड्रोकार्बने धूरनळीच्या वाटेवरच जळतात. शिवाय ढकलण्याचा जोर कमी झाल्याने मंद गती टिकवायला हवेची झडप थोडी जास्त उघडावी लागते. जास्त मिश्रण आत आले की ज्वलनही सुधारते. याची किंमत असतेच. पेट्रोल जास्त लागते आणि वाया गेलेली उष्णता धूरनळीत व थंड करणाऱ्या पाण्यात जाते.

हा उशीर नेहमीसाठी नव्हता. झडप जवळजवळ बंद असताना तिच्या पलीकडे दाब कमी होतो. एक बारीक नळी हा कमी दाब डिस्ट्रिब्युटरवरील पडद्यापर्यंत नेते आणि पडदा ठिणगी मागे ओढतो. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबताच दाबातील फरक नाहीसा होतो व ठिणगी पूर्ववत होते.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा. ब्रिटनमधील गाडीची शक्ती १५० अश्वशक्ती सांगितली जाई, अमेरिकी गाडीची सुमारे १०५. हा फरक ठिणगीच्या उशिरामुळे का? नाही. पूर्ण शक्ती घेताना झडप उघडी असते, म्हणजे उशीर उरतच नाही. खरी कारणे वेगळी आहेत. ब्रिटनमधील गाडीत इंधन फवारले जाई, तर अमेरिकी गाडीत कार्ब्युरेटर होते. शिवाय मोजमापाच्या पद्धतीही सारख्या नव्हत्या.

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनाही हे समजून घ्यावे लागते. नळी काढून ठेवली आणि ४ अंशांचा उशीर डिस्ट्रिब्युटर फिरवून लावला, तर तो सर्व वेगांना चिकटतो. इंजिन तापते आणि गाडी ओढत नाही. आकडा बरोबर असतो. तो कोणत्या अवस्थेत मोजायचा, एवढेच चुकलेले असते. प्रयोगवहीत आकड्याशेजारी परिस्थिती लिहायला आपण का सांगतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.