भागीदारी कोणती करावी?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी वर्कशॉपे पसरली. दोघे मित्र मिळून लेथ घेतात, तेव्हा भागीदारीचा प्रकार कोणता, हा विचार मागे राहतो.

१९३२ च्या कायद्याप्रमाणे पेढीच्या संपूर्ण देण्यास प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. लेथ दोघांची, पण देणे थकले तर एकट्याच्या राहत्या घरावरही जप्ती येऊ शकते. पेढी नोंदलेली नसेल, तर थकलेल्या बिलासाठी कारखानदारावर पेढीला दावाही लावता येत नाही.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी आली. तीत भागीदाराची जोखीम सामान्यतः कबूल केलेल्या भांडवलापुरतीच असते. मात्र हिशेब दरसाल सरकारात दाखल करावे लागतात. आणि बँकेस वैयक्तिक जामीन दिल्यास तेवढ्यापुरते हे कवच निरुपयोगी ठरते.

आमच्या मते, कर्ज थोडे असेल तर नोंदलेली साधी भागीदारी पुरे. कर्ज मोठे असेल तर दुसरी बरी. करार मात्र दोन्हींत लेखीच हवा. मने जुळलेली असतात तोवरच सह्या सुखाने होतात.