पोथी एक, वाचणारे अनेक



मागे एकदा आमची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास संगणकावर बसली. सगळी माहिती भरून झाली, पण अर्ज पाठवावयाचे बटण काही केल्या दिसेना. दिवस शेवटचा. "सर, नेट बंद पडलंय," म्हणत ती अगदी रडकुंडीला आली. नेट मुळीच बंद नव्हते. त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर उघडला, तो काय, बटण जागच्या जागी! सगळे पुन्हा भरावे लागले खरे, पण अर्ज वेळेत गेला.

या मुलीला हसण्याचे कारण नाही. इंटरनेट, गूगल आणि ब्राउझर या तीन वस्तू आपण पुष्कळजण एकच समजतो. इंटरनेट हा रस्ता. गूगलचा शोध म्हणजे चावडीवर बसलेला, पत्ता सांगणारा माणूस. मग ब्राउझर कोण?

श्रावणात देवळात पोथी लावतात. पोथी तीच, पण वाचणारा बदलला की कोठे थांबावयाचे, कशावर जोर द्यावयाचा, ते थोडे बदलते. ब्राउझर हा असा वाचणारा आहे. दूर कोठेतरी असलेल्या संगणकाकडे तो पान मागतो. तेथून येतो तो मजकूर आणि त्यासोबत काही खुणा : हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र, येथे बटण. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. त्या खुणा वाचून पडद्यावर पान मांडणे, हे ब्राउझरचे मुख्य काम. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत लिहिला.

आता ब्राउझर वेगळे कशात, ते पाहू. नावे पुष्कळ असली, तरी खुणा वाचणारी यंत्रणा, जिला इंजिन म्हणतात, ती प्रामुख्याने तीन प्रकारची आहे. क्रोममध्ये ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको आणि ॲपलच्या सफारीत वेबकिट. एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांची नावे निराळी, पण इंजिन क्रोमचेच, म्हणजे ब्लिंक. पान तयार करणाऱ्याने ते एकाच इंजिनावर तपासले, किंवा आपला ब्राउझर फार जुना असला, की कोठे बटण हरवते, कोठे रकाने एकमेकांवर चढतात.

ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. 2000 सालाच्या पुढेमागे बहुतेक सगळीकडे इंटरनेट एक्सप्लोरर चाले. तेव्हा कित्येकांनी आपली पाने केवळ त्याच्याच सोयीची केली. पुढे जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निरोप दिला, आणि अशी पाने पोरकी झाली. पान सर्वांना सारखे वाचता यावे म्हणून सामाईक नियम ठरविणारी संस्था 1994 पासून काम करीत आहे. एकाच वाचणाऱ्याची सवय लागली, की असे नियम मागे पडतात आणि अडतो तो अर्जदार.

दुसरा फरक आठवणीचा. आपण कोणती पाने पाहिली, याची नोंद ब्राउझर ठेवतो. विचारून पासवर्डही जपून ठेवतो. कोण किती नोंद ठेवतो आणि परक्या पाळतीला किती अडवतो, यात ब्राउझरांमध्ये फरक आहे. घरी ही सोय आहे. शाळेतल्या किंवा सेवा केंद्रातल्या सामाईक संगणकावर मात्र तोच धोका. तेथे खाजगी खिडकी उघडावी. ती बंद केली की त्या यंत्रावर पाहिलेल्या पानांची नोंद उरत नाही. पण यामुळे आपण अदृश्य झालो, असे कोणी समजू नये. नेट पुरविणाऱ्याला आपण कोणत्या ठिकाणी गेलो, हे तरीही कळू शकते.

आणखी एक. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असले, म्हणजे वाटेत आपला मजकूर कोणाला वाचता येत नाही, इतकेच. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. पाकीट बंद असले म्हणून पत्र खरेच असते काय? तेव्हा पैशाचा व्यवहार करताना पत्त्यातले अक्षर न् अक्षर वाचावे.

मग सगळ्यांत चांगला ब्राउझर कोणता? याला एक उत्तर नाही. शिक्षक बंधुभगिनींना मी एवढेच सुचवीन : शाळेच्या संगणकावर निराळ्या इंजिनांचे दोन ब्राउझर ठेवा, उदाहरणार्थ क्रोम आणि फायरफॉक्स. दोन्ही वेळच्या वेळी अद्ययावत करा. काम संपले की मुलांना लॉग आउट करून उठावयास शिकवा. आणि पान अडले, तर "नेट बंद आहे" म्हणून मुलाला घरी धाडण्यापूर्वी दुसरा ब्राउझर उघडून पाहा. अर्धा मिनिट लागेल. पण तेवढ्यावर एखाद्याचे वर्ष वाचेल.