शनवार तेली आणि शनिवारचा सामना

आजचा विषय ऐकून एकदोघांनी आम्हाला दारातच विचारलं, 'सर, बार्शीत ज्यू कुठले आणि फुटबॉल कुठला?' प्रश्न रास्त आहे. पण थोडा धीर धरा, बार्शीला आपण येणारच आहोत.

आधी कोकणात जाऊ. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. ही मंडळी मराठी बोलू लागली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावं लावू लागली. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. मात्र शनिवारी घाणा बंद. म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पोथ्या हाताशी नव्हत्या, हिब्रू जवळजवळ विसरली होती, पण शनिवार विसरला नाही. आम्हाला यात मोठा अर्थ दिसतो. घाणा एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं. तरी तो दिवस त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही.

आता फुटबॉल. शनिवारी दुपारी सामना ही रीत इंग्लंडातल्या कापड गिरण्यांमुळे पडली. १८५० च्या कारखाना कायद्याने तिथल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबायला लागलं. बाकीच्यांनाही हळूहळू ती सवलत मिळाली आणि मोकळ्या दुपारी मैदानं भरू लागली. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. त्यांच्या युक्तिवादात रविवार हा खंडोबाचा वार, हेही होतं. सुट्टी मागायची झाली तरी देवाचा आधार लागतो, बघा!

पण शब्बाथ म्हणजे सुट्टी नव्हे. सुट्टीत आपण मनाला येईल ते करतो. शब्बाथला शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत एकोणचाळीस प्रकारची कामं वर्ज्य. विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही, घराबाहेर वस्तू वाहून न्यायची नाही, पैशांचा व्यवहार नाही. मग फुटबॉलवेड्या ज्यू माणसाने करायचं काय? आठवडाभर तो ज्या शनिवारची वाट पाहतो, त्याच शनिवारी दोन मालक त्याला हाका मारतात. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबचे अनेक ज्यू चाहते पूर्वी सकाळी सिनेगॉगमध्ये आणि दुपारी मैदानावर जात. तिकीट आधी काढलं तर पैशांचा प्रश्न सुटतो. पण तिकीट खिशात नेणं हे 'वाहून नेणं' झालं ना? शास्त्री मंडळी अशा प्रश्नांवर तासन्‌तास बोलू शकतात. ते हास्यास्पद मुळीच नाही.

नाही कसं? आपल्या बार्शीचंच बघा. ज्या अंबरीष राजासाठी भगवंत इथे उभा आहे असं आपण मानतो, त्याची कथा भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. एकादशीचा उपास झाला, द्वादशीला पारणं सोडायचं, तेवढ्यात दुर्वास आले. ते नदीवर स्नानाला गेले ते परतेचनात. द्वादशी संपत आली. पारणं केलं नाही तर व्रत मोडतं, पाहुण्याआधी जेवलं तर अतिथीचा अपमान. ब्राह्मण म्हणाले, घोटभर पाणी घे. पाणी पिणं म्हणजे जेवणही आणि न जेवणंही. भगवंताच्या दारात वाढलेल्या माणसाने ज्यू पंडिताच्या तिकिटाला हसू नये.

खरी अडचण प्रेक्षकाची नाही, खेळाडूची आहे. प्रेक्षक सामना चुकवू शकतो. खेळाडू चुकवेल तर नोकरी जाईल. इस्रायलमध्ये सामने बहुधा शनिवारीच होतात, आणि २०१५ मध्ये शब्बाथ पाळणाऱ्या काही खेळाडूंचं गाऱ्हाणं कामगार न्यायालयापर्यंत गेलं. परवान्याशिवाय शब्बाथला माणसं कामाला लावणं बेकायदा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तरी सामने थांबले नाहीत. ज्यूंच्याच राज्यात ज्यू खेळाडूला शनिवार मिळू नये! आमच्या मते इथे चाहत्याचा आनंद दुसऱ्याच्या विश्रांतीतून कापून घेतलेला असतो, आणि हे मान्य करायला आपल्याला जड जातं. रविवारी हॉटेलात जेवताना वाढणाऱ्या पोराची सुट्टी कधी, हे आपण तरी कुठे विचारतो?

शेवटी एक हिशोब. समजा, ठाण्यातला एक बेने इस्रायली तरुण टीव्हीवर इंग्लंडचा सामना पाहणार आहे. तिथले दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. तोवर तारे कधीच दिसलेले असतात, त्यामुळे काही अडचण नाही. पण ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होताना, तिथली घड्याळं एक तास पुढे असतात आणि सामना आपल्या साडेसातला लागतो. त्या दिवसांत ठाण्याला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि तीन तारे दिसायला आणखी अर्धा-पाऊण तास. म्हणजे पहिली काही मिनिटं जाणारच. त्यात पावसाळा. आकाशात ढग, तारे दिसायचे कसे? मग तो पंचांगातली वेळ बघतो आणि बंद टीव्हीसमोर बसून राहतो.